हाताची घडी, तोंडावर बोट: स्काऊट मास्टर होऊ पाहणाऱ्या मोठ्यांसाठी

शाळेत आपल्या सगळ्यांना बजावलेलं असतं, हाताची घडी, तोंडावर बोट. स्काऊटच्या पथकात मोठा माणूस म्हणून गेलात की हाच हुकूम स्वतःला द्यावा लागतो, आणि तो पाळणं पोरांपेक्षा आपल्याला जास्त जड जातं. मी साताऱ्यात अकरा वर्षं हे काम करतोय. शिक्षक नाही, नोकरी हिशेबाची आणि रविवार पथकाचा. दर जूनमध्ये दोन-चार जण विचारतात, "मलाही यायचंय, काय करावं लागतं?" कोणी निवृत्त फौजी असतो (अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला जिल्हा आहे आपला, फौजींची वानवा नाही), कोणी लहानपणी स्काऊट होता, कुणाची लेक बुलबुलमध्ये, म्हणजे लहान मुलींच्या पथकात, असते. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे उतरवतोय.

आधी चार रविवार नुसतं बघा

अर्ज, फोटो, गणवेश हे सगळं नंतर. आधी जवळचं एखादं चालतं पथक गाठा, परवानगी घ्या आणि चार बैठका कोपऱ्यात बसून बघा. बहुतेक पथकं शाळांमधून चालतात, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. शाळेबाहेरची ओपन पथकं मोजकी, पण नोकरदाराला तीच सोयीची. कवायत कशी होते ते बघू नका, कवायत पी.टी.च्या तासालाही होते. पोरं एकमेकांशी बोलतायत का ते बघा. ज्या पथकात तास संपेपर्यंत सरांचाच आवाज ऐकू आला, तिथून फक्त काय करू नये एवढंच शिकून या.

या चार रविवारांत आपल्याला कोणत्या वयाची पोरं झेपतात तेही कळतं. कब (लहान मुलगे) आणि बुलबुल साधारण ५ ते १० वर्षांची, स्काऊट आणि गाईड १० ते १७ ची, आणि त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर-रेंजर. कबना गोष्ट लागते, खेळ लागतो, दर दहा मिनिटांनी काहीतरी नवीन लागतं. स्काऊटच्या वयाला विश्वास लागतो. निवृत्त फौजी मंडळी बहुधा स्काऊट पथक मागतात आणि माझ्या अनुभवात त्यातली निम्मी कबमध्ये जास्त रमतात; नातवंडांचं वय ते. मुलांच्या स्काऊट पथकाला स्काऊट मास्टर, मुलींच्या गाईड पथकाला गाईड कॅप्टन, आणि ती बाईच असते. कब पथक मात्र बायकाही चालवतात आणि बरेचदा पुरुषांपेक्षा बरं चालवतात.

कागदपत्रं

जिल्ह्याचं स्काऊट-गाईड कार्यालय असतं, तिथे जिल्हा संघटक भेटतात, स्काऊटचे वेगळे, गाईडचे वेगळे. त्यांना शाळा फिरायच्या असतात, म्हणून फोन केल्याशिवाय जाऊ नका. ओळखपत्र, शिक्षणाचा दाखला, फोटो आणि ज्या शाळेत किंवा संस्थेत पथक चालवणार तिचं पत्र जवळ ठेवा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. कुणी मागितला नाही तरी काढा. आपण दुसऱ्यांची पोरं सांभाळणार आहोत, पालकाने विचारायच्या आधी तो कागद पुढे करता आला पाहिजे.

पथकाची नोंदणी दरवर्षी करावी लागते. ती झाली नाही तर त्या वर्षीचं पोरांचं काम हिशेबात धरलं जात नाही, म्हणून हे काम जुलैच्या पुढे ढकलू नका. गणवेशाची घाई मात्र करू नका. तुमचा स्वतःचा दीक्षाविधी, म्हणजे स्काऊटचं वचन घ्यायचा कार्यक्रम, होईपर्यंत साधा शर्ट-पॅंट चालतो. पहिल्याच दिवशी नवाकोरा स्कार्फ घालून आलेला माणूस दिवाळीनंतर दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. चूक असेन तर आनंदच आहे.

पैसे मिळत नाहीत. उलट हळूहळू खिशातून जातात: दोऱ्या, चुना, पोरांचा चहा. पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, नाहीतर वर्षाच्या शेवटी घरातल्या माणसांकडून आकडा कळतो.

सात दिवस पोर व्हा

नवख्यांसाठी एक दिवसाचा बिगिनर्स कोर्स असतो, तो ओळखपाळखीपुरता. खरं शिक्षण सात दिवसांच्या निवासी बेसिक कोर्समध्ये होतं. त्यापुढे ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज, ही या शिक्षणाची वरची पायरी. आपल्याकडच्या लोकांना भोरचं रामबाग प्रशिक्षण केंद्र जवळ पडतं. रजा आधी टाकून ठेवा, कारण मधल्या दिवशी "जरा ऑफिसला जाऊन येतो" चालत नाही.

तिथे तुम्हाला सर म्हणून नाही, पोर म्हणून वागवतात. पहाटे स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांचे सहा व्यायाम, ध्वजारोहण, तंबूची तपासणी, दिवसभर कामं, रात्री शेकोटी. सहा-आठ मोठ्या माणसांचा एक संघ करतात. आमच्या संघात पंचावन्न वर्षांचे मुख्याध्यापक होते आणि संघनायक होता चोवीस वर्षांचा पी.टी.चा शिक्षक. मुख्याध्यापकांनी आयुष्यात चूल पेटवली नव्हती. पहिल्या दिवशी ते खूप बोलले, तिसऱ्या दिवशी गुपचूप फुंकणी मारत होते.

आम्हाला बांबू आणि सुतळी देऊन ताटं ठेवायचा स्टॅण्ड करायला सांगितला होता. उभा केला की तो पाच मिनिटांत बसायचा. तीनदा बसला. आमचे प्रशिक्षक हात मागे बांधून शेजारी उभे होते, अगदी दोन हातांवर. चूक त्यांना पहिल्याच वेळी दिसली असणार: बांधणी सुरू करताना क्लोव्ह हिच, म्हणजे दोरी खांबाला बांधायची गाठ, ढिली, आणि वरचे सगळे वेढे त्या ढिल्या गाठीच्या भरवशावर. चौथ्या वेळी आमच्यातल्या एकाने खालची गाठ बोटाने हलवून बघितली आणि म्हणाला, "अरे, ही फिरतीये." सुतळी सोडली, पुन्हा बांधली, स्टॅण्ड सात दिवस उभा राहिला. प्रशिक्षक तेवढ्यात पुढच्या संघाकडे निघून गेले होते. मी त्या कोर्समध्ये बाकी जे शिकलो ते पुस्तकातही आहे.

इतिहास कोर्समध्ये विचारतात, तोही थोडा पाठ ठेवा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचं पहिलं शिबिर घेतलं. श्रीमंत शाळांतली आणि कामगारांची पोरं एकत्र, चार संघ, प्रत्येकाला त्यांच्यातलाच एक नायक. त्यांचं 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक दुसऱ्या वर्षी आलं. आपल्याकडे वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटना तिच्यात आली. वुड बॅजवाल्यांच्या गळ्यात दोन लाकडी मणी दिसतात. १९१९ साली गिलवेल पार्कच्या पहिल्या कोर्सला बेडन पॉवेल यांनी डिनुझुलू या झुलू राजाच्या माळेतले मणी वाटले होते, त्याची ती आठवण. ती माळ बेडन पॉवेल यांच्याकडे कशी आली हा प्रश्न मोठी पोरं हमखास विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. लढाईच्या काळात, हे उत्तर टाळू नका.

पहिली बैठक

दीड तास पुरतो. सुरुवातीला ध्वज, प्रार्थना, नखं-रुमालाची तपासणी, मग लगेच एक पळापळीचा खेळ. त्यानंतर एकच नवी गोष्ट, वीस मिनिटं. मग प्रत्येक संघ आपापल्या कोपऱ्यात, पुन्हा खेळ, सूचना, ध्वज उतरवणं. भाषणाला यात जागा नाही. जागा काढावीशी वाटेल तेव्हा तोंडावर बोट.

गाठी शिकवायच्या तर प्रत्येक पोराच्या हातात स्वतःची दोरी हवी. दीड मीटर, करंगळीएवढी जाड, सुती मिळाली तर उत्तम. नायलॉनची गाठ घसरते आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. सुती दोरीची टोकं दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या, नाहीतर आठवड्यात तिचा झाडू होतो.

रीफ नॉटपासून सुरुवात करा. उजवं टोक डाव्यावरून एक वेढा, मग डावं उजव्यावरून. बरोबर बांधली तर गाठ सपाट बसते आणि प्रत्येक टोक आपल्याच दोरीला चिकटून निघतं. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली तर टोकं आडवी निघतात आणि ताण आला की गाठ सरकते. पोरांना दोन्ही बांधायला लावा, ओढायला लावा, फरक हाताला कळू द्या. ही गाठ बॅण्डेजची. वजन ओढणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला ती वापरायची नाही. जाडीत फरक असलेल्या दोऱ्यांना शीट बेंड ही गाठ.

माझ्या दुसऱ्याच बैठकीत मी मोठ्या ऐटीत क्लोव्ह हिच दाखवत होतो. मेढ्याकडून शिकायला आलेला एक पोरगा मागून म्हणाला, "सर, ही तर आमच्या म्हशीच्या दाव्याची." त्याने खांबाभोवती एका हाताने, न बघता, माझ्या निम्म्या वेळात बांधली. त्या दिवसापासून गाठींचा तास त्याचा. असं एखादं पोर प्रत्येक पथकात असतंच. कुणाला सायकलची चेन बसवता येते, कुणाला पाखरं ओळखता येतात. पहिल्या महिन्यात ती पोरं हुडकून काढा.

संघ

सहा ते आठ पोरांचा एक संघ. इंग्रजीत पेट्रोल म्हणतात, आणि पंपावरचा विनोद दरवर्षी नव्याने ऐकावा लागतो, तयारी ठेवा. स्काऊटच्या संघांना प्राण्या-पक्ष्यांची नावं, गाईडच्या संघांना फुलांची. नायक निवडताना पहिल्या नंबरचं पोर निवडायचा मोह होतो. त्यापेक्षा दोघांचं भांडण लागलं की बाकीची ज्याच्याकडे बघतात तो शोधा.

सगळे नायक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, त्याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पुढच्या महिन्यात काय करायचं, कुणाच्या तक्रारी आहेत, पैशाचं काय, हे ती ठरवतात. तुम्ही असता, पण बाजूला, हाताची घडी घालून. एका कोर्टात मी अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या हाईकचा सगळा बेत कागदावर मांडून गेलो होतो. पोरांनी ऐकून घेतलं आणि यवतेश्वर ठरवलं, कारण एकाच्या मामाचं तिथे शेत होतं आणि स्वयंपाकाला जागा मिळणार होती. अजिंक्यताऱ्यावर चूल पेटवता येणार नव्हती हे मी विचारातच घेतलं नव्हतं. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे तुमचा नकार शेवटचा. बाकी ठिकाणी त्यांचा निर्णय चुकत असला तरी चुकू द्या.

पहिली हाईक

तरीही पहिल्या हाईकला अजिंक्यताराच सांगेन. गाव पायथ्याशी, डांबरी रस्ता वरपर्यंत, म्हणजे कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी येते. चार भिंती या स्मारकापाशी सकाळी सातला जमा, तिथे हजेरी, पाण्याची तपासणी. प्रत्येकी दोन लिटर. "मी घरून पिऊन आलोय" ऐकून घेऊ नका.

वर गेल्यावर होकायंत्राचं काम काढा. उत्तरेला पायाशी सातारा शहर, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, नैर्ऋत्येला सज्जनगड, पूर्वेकडे जरंडेश्वर. प्रत्येक संघाने या खुणांचे अंश मोजून वहीत लिहायचे आणि मग संघांनी आकडे ताडून बघायचे. एका संघाचे सगळे आकडे भलतेच आले होते. नायक वैतागला, पुन्हा मोजले, पुन्हा तेच. मला दिसत होतं की पोरं होकायंत्र तटावर रोवलेल्या लोखंडी पाइपाला टेकवून मोजतायत. जीभ चावून उभा राहिलो. दहा मिनिटं गेली. मग एक बारकी पोर दोन पावलं मागे सरकली, सुई हलली, ती पुन्हा पुढे गेली, सुई पुन्हा हलली. मग सगळेच पुढे-मागे नाचायला लागले.

डोंगरावर तीन गोष्टींची भीती बाळगा. पहिली, आग्या मोहोळ. कड्याखाली, बुरुजाखाली पोळी असतात. धूर, दगड, अत्तर, आरडाओरडा यातलं काहीच नको, आणि माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. दुसरी, वळवाची वीज. एप्रिल-मेच्या दुपारी माथ्यावर राहू नका. गडगडाट ऐकू आला की कार्यक्रम बंद करून खाली उतरायला लागा, झाडाखाली थांबू नका. तिसरी, वणवा. फेब्रुवारीपासून गवत वाळलेलं असतं, त्यामुळे डोंगरावर काडीही ओढायची नाही. स्वयंपाक शाळेच्या मैदानात किंवा ओळखीच्या शेतात, शेजारी पाण्याची बादली ठेवून. साप चावला, आपल्याकडे घोणस भरपूर, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही, पोराला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना.

कास आणि वासोट्याची नावं पोरं लगेच काढतात. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, फुलांच्या दिवसांत तिथे गर्दी आणि निर्बंध दोन्ही असतात, तीस पोरं घेऊन जायची ती जागा नव्हे. वासोटा व्याघ्र प्रकल्पात येतो. वन खात्याची परवानगी, बामणोलीहून लाँच, पावसाळ्यात बंद. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मोठ्या पोरांना घेऊन जा.

खरी कमाई

पोरांनी कष्ट करून, काहीतरी विकून किंवा कुणाचं काम करून पैसे मिळवायचे आणि त्याचा हिशेब द्यायचा, याला स्काऊटमध्ये खरी कमाई म्हणतात. साताऱ्यात हे समजावून सांगावं लागत नाही. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगवळणी पाडलंय. तरी शाळांत खरी कमाईचं बहुतेक वेळा काय होतं? आई घरून भेळ करून देते, पोरं स्टॉलवर उभी राहतात, शिक्षक फोटो काढतात. यात कमाई आईची.

आमच्या एका संघाने बाजारातून सगळं स्वतः आणलं, ६४० रुपये खर्च, विक्री ९१०. नफा २७० म्हणून उड्या मारल्या. मग हिशेबनीस मुलीच्या लक्षात आलं की कांदे आणि गॅस घरचा होता. तो धरला तर दीडशेसुद्धा राहत नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी भेळ सोडली आणि कॉलनीतल्या दुचाक्या धुतल्या.

इथे मात्र तोंडावर बोट नाही

पोरांच्या सुरक्षिततेत गप्प राहायची मुभा नाही. कोणत्याही पोराबरोबर बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत एकटे राहू नका; कायम दोन मोठी माणसं, किंवा सगळ्यांच्या नजरेसमोर. मुली असतील तर जबाबदार बाई बरोबर हवीच, मुक्कामाला तर हवीच हवी. मोठ्यांचा आणि पोरांचा तंबू वेगळा. पोरांना वैयक्तिक मेसेज नाहीत, सगळं पालकांच्या ग्रुपवर. पोरांचे फोटो टाकायचे तर आधी पालकांना विचारून.

उठाबशा, कोंबडा, मैदानाला फेऱ्या, हे सगळं बंद. शिक्षण हक्क कायद्यात शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि फौजी मित्रांना हे मला दोनदा सांगावं लागतं. एखाद्या पोराने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, चौकशी स्वतः करत बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. "संस्थेचं नाव जाईल" असं सांगणारा कुणीतरी भेटेल. त्याचं ऐकू नका. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर पोरांनाही पाठ करून द्या.

हाईकच्या आधी प्रत्येकाचं संमतिपत्र घ्या, त्यात दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन फोन नंबर. हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या सॅकमध्ये ठेवा. शाळेच्या कपाटात ठेवले तर डोंगरावर त्यांचा उपयोग शून्य.

पालक आणि तारखा

पालकांचा पहिला प्रश्न दहावीच्या सवलतीच्या गुणांचा असतो. त्यावर चिडू नका. नियम बदलतात, त्या वर्षीचं बोर्डाचं परिपत्रक बघून उत्तर द्या, आणि आश्वासन देऊ नका. बैठकीला बोलवा, एखाद्या बाबांना प्रथमोपचाराचा तास द्या, एखाद्या आईला सायकल दुरुस्तीचा. पुढच्या वर्षीचा तुमचा सहायक यांच्यातूनच मिळतो.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा पोरांचा जिना आहे. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक महिने जावे लागतात आणि तपासताना तारखा बघतात. तिसऱ्या वर्षी माझ्याकडच्या एका पोराचं सगळं काम पूर्ण होतं, गाठी, स्वयंपाक, प्रथमोपचार, सगळं. पण द्वितीय सोपान कधी पूर्ण झाला ते मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. राज्य पुरस्काराच्या चाचणीला त्याला बसता आलं नाही, आणि पुढच्या वर्षी तो दहावीत गेला. त्याने मला कधी काही बोलून दाखवलं नाही. त्याच्या आईने एकदा राजवाड्यावर भाजी घेताना विचारलं, "सर, त्याचं काय राहिलं होतं?" तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये दोनशे पानी वही असते, एका पोराला एक पान, आणि ध्वज उतरवून घडी होईपर्यंत त्या दिवशीच्या तारखा त्यात पडलेल्या असतात.